मक्केचे बंड आणि मोगलाईतले मौन

१९१६ च्या जून महिन्यात मक्केचा शरीफ हुसेन बिन अली याने उस्मानी तुर्कांविरुद्ध बंड पुकारले. महायुद्धाला तेव्हा दोन वर्षे होत आली होती. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने लढत होता, आणि शरीफच्या पाठीशी इंग्रजांचा पैसा, बंदुका व आरमार होते. या बंडाची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती बहुतेक लॉरेन्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची साहसकथा म्हणून. त्या कथेत वाळवंट आहे, उंट आहेत, सुरुंगाने उडवलेले लोहमार्ग आहेत. हिंदुस्थान मात्र जवळजवळ नाहीच. वास्तविक त्या काळी जगात सर्वात जास्त मुसलमान प्रजा कोणत्या राजाची असेल तर ती इंग्लंडच्या राजाची, आणि त्यातला सर्वात मोठा वाटा हिंदुस्थानचा. या प्रजेला मक्केच्या बंडाबद्दल काय वाटेल याची धास्ती लंडन, कैरो आणि सिमला या तिन्ही ठिकाणी होती. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे मोगलाईत, होता. आजचा हिंगोलीही त्यातच मोडत असे. या भागातल्या मुसलमानांचे मत काय होते असे विचारले, तर दप्तरातून आधी वर येते ते निजामाचे राजनिष्ठेचे फर्मान, आणि तेच मत समजून आपण पुढे जातो. या लेखाचे म्हणणे असे आहे की ते फर्मान मुस्लिम लोकमताचे नव्हते, लोकमताच्या भीतीचे होते. खरे लोकमत शोधायचे तर साम्राज्याने काय काय लपवले, कोणाला कोंडले आणि कुठे पाऊल मागे घेतले ते पाहावे लागते. तसे पाहिले म्हणजे दिसते की साम्राज्याच्या हेतूबद्दलचे या लोकमताचे निदान अचूक होते. अरबांबद्दलची त्याची समज मात्र तोकडी होती.

आधी फर्मानाची गोष्ट. तुर्कस्तान युद्धात उतरला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलच्या शेखुल-इस्लामने जिहादचा फतवा जाहीर केला. त्याच महिन्यात सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने हिंदुस्थानातल्या मुसलमानांना इंग्रज सरकारशी एकनिष्ठ राहण्याचे आवाहन केले. देशातला सर्वात मोठा मुसलमान संस्थानिक बोलला म्हटल्यावर इंग्रजांनी त्या जाहीरनाम्याचा पुरेपूर उपयोग केला. पण तो निघाला तेव्हा निजाम कोणत्या परिस्थितीत होता? गादीवर येऊन त्याला जेमतेम तीन वर्षे झाली होती. १९१४ च्या अखेरीस तिसरा सालारजंग दिवाणपदावरून गेला आणि निजामाने दिवाणाविना स्वतः कारभार हाती घेतला. इंग्रज रेसिडेंटची मर्जी राखल्याशिवाय असा कारभार एक दिवसही चालला नसता. त्याशिवाय वऱ्हाडाचा जुना सल होताच. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेले होते, आणि १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने सालीना पंचवीस लाखांच्या बदल्यात ते कायमच्या पट्ट्याने घेतले. ज्या फौजेपायी वऱ्हाड गेले तिची एक मोठी छावणी हिंगोलीला होती. पुढे ती फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळली आणि तिच्या घोडदळातून विसावी डेक्कन हॉर्स ही पलटण उभी राहिली. महायुद्धात याच डेक्कन हॉर्सचा आणि हैदराबाद इम्पीरियल सर्व्हिस लान्सर्सचा खर्च निजामाने उचलला. ही रक्कम साठ लाख रुपये होती. म्हणजे ज्या फौजेच्या खर्चाने वऱ्हाड घालवले त्याच परंपरेतल्या पलटणीचा खर्च, वऱ्हाड परत मिळेल या आशेने, पुन्हा दख्खनच्या तिजोरीतून गेला. अशा राज्यकर्त्याच्या जाहीरनाम्याला जिंतूर, पाथरी, वसमतच्या मुसलमानांचे मत म्हणणे म्हणजे सावकाराला दिलेली पावती कुळाची इच्छा म्हणून वाचण्यासारखे आहे.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे: फर्मान दबावाखाली निघाले असेल, पण त्याविरुद्ध कोणी उठले का? लाखो मुसलमान इंग्रजांच्या सैन्यात लढले, हैदराबादचे लान्सर्स सुएझच्या कालव्यावर तुर्कांसमोर उभे राहिले, मग असंतोष होता कुठे? आक्षेपात तथ्य आहे. जिहादच्या फतव्याने हिंदुस्थानात उठाव झाला नाही हे खरेच. पण उठाव न होणे आणि संमती असणे यांत मोठे अंतर आहे. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापुरात पाचव्या लाइट इन्फंट्रीने बंड केले. त्या पलटणीत मुसलमान शिपायांचाच भरणा होता. १९१६ च्या सुरुवातीला बसऱ्याजवळ पंधराव्या लान्सर्सच्या चारशेहून अधिक स्वारांनी तुर्कांवर चालून जायला नकार दिला आणि शिक्षा पत्करली. मुलकी बाजूला पाहिले तर महंमद अली आणि शौकत अली हे बंधू १९१५ पासून स्थानबद्ध होते, त्यातली बरीचशी वर्षे छिंदवाड्यात. महंमद अलींचे ‘कॉम्रेड’ हे पत्र बंद पडले होते. अबुल कलाम आझादांना १९१६ मध्ये बंगालमधून हद्दपार केल्यावर रांचीत अडकवून ठेवले. म्हणजे मक्केत बंडाचा झेंडा लागला त्या घटकेला, त्यावर मोकळेपणाने लिहू-बोलू शकणारे जवळजवळ सर्व प्रमुख मुसलमान पत्रकार बंदोबस्तात होते. एवढे करूनही बातमी पोचल्यावर काही दिवसांतच, जूनच्या अखेरीस, लखनौत मुस्लिम लीगच्या व्यासपीठावरून शरीफ आणि त्याच्या अरब साथीदारांचा कडक शब्दांत निषेध झाला. ही लीग काही क्रांतिकारकांची संघटना नव्हती. तिच्यात जमीनदार, वकील आणि पदवीधर होते. अशा सभ्य मंडळींनी युद्धकाळात, सरकारच्या मित्राला उघडपणे धर्माचा शत्रू ठरवावे, याचा अर्थ त्यांच्यामागे असलेला दाब बराच मोठा असणार.

सरकारला हा दाब ठाऊक होता. त्याचा पुरावा सरकारच्या शब्दांत आणि कृतीत दोन्हीकडे आहे. २ नोव्हेंबर १९१४ रोजी हिंदुस्थान सरकारने जाहीर वचन दिले होते की अरबस्तानातली पवित्र स्थळे, इराकमधली पवित्र स्थाने आणि जेद्दा बंदर यांवर इंग्रजांचे आरमार किंवा लष्कर हल्ला करणार नाही, मात्र हिंदी यात्रेकरूंना अडथळा होता कामा नये. यात जेद्दाचे नाव होते ते उगीच नव्हे. हाजला जाणारे बहुतेक हिंदी यात्रेकरू हिजाजच्या भूमीवर उतरत ते जेद्दात. हे वचन दिल्याला दोन वर्षेही झाली नव्हती तेवढ्यात, जून १९१६ मध्ये, याच जेद्दाच्या वेशीवरल्या तुर्की ठाण्यांवर इंग्रजी युद्धनौकांनी तोफा डागल्या. त्यांत ‘फॉक्स’ ही शाही आरमाराची नौका होती आणि ‘हार्डिंज’ ही हिंदी आरमाराची. ज्या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत वचन दिले गेले त्याच्याच घराण्याचे नाव मिरवणाऱ्या नौकेने ते मोडावे, असा हा योगायोग. सरकारची बाजू अशी की हल्ला जेद्दावर नव्हता, तुर्कांवर होता, आणि तोही तिथल्या मुसलमान शासकाच्या विनंतीवरून. कायद्याच्या भाषेत ही सबब टिकेलही. पण श्रद्धेच्या प्रदेशाभोवती शस्त्र उचलणार नाही असे ज्याने सांगितले त्यानेच तिथे कोणाला शस्त्र पुरवायचे हे ठरवले, हे हिंदी मुसलमानाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

त्याहून बोलकी आहे ती राबेगची घटना. बंड सुरू झाल्यावर काही महिन्यांतच मदिनेतले तुर्क सैन्य मक्केवर उलटून येईल अशी भीती निर्माण झाली. मक्केच्या वाटेवर लाल समुद्राच्या किनाऱ्यावरचे राबेग वाचवायला इंग्रजांची एक ब्रिगेड उतरवावी, असा आग्रह सुदानचा गव्हर्नर-जनरल विंगेट याने धरला. १९१६ च्या शरद ऋतूपासून पुढच्या जानेवारीपर्यंत लंडनमध्ये यावर खल झाला. हिंदुस्थान सरकारचा विरोध ठाम होता: हिजाजच्या भूमीवर ख्रिस्ती फौज उतरली तर हिंदी मुसलमानांत काय होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. शेवटी ब्रिगेड उतरलीच नाही. त्याऐवजी इजिप्तमधून मुसलमान गोलंदाज, सोन्याच्या मोहरा आणि मोजके सल्लागार अधिकारी गेले. शरीफला महिन्याला सव्वा लाख पौंडांपासून सुरू झालेले अनुदान मिळत होते. लॉरेन्सची कीर्ती ज्या पद्धतीवर उभी आहे, म्हणजे मोठी फौज न उतरवता थोड्या माणसांनी, सोन्याने आणि सुरुंगांनी लढणे, तिच्यामागे वाळवंटी युद्धकला होतीच. पण लखनौ, दिल्ली, मुंबई आणि हैदराबादच्या मशिदींतल्या चर्चेची भीतीही होती. ज्या लोकमताला बोलू दिले जात नव्हते त्याने हजारो मैलांवरच्या युद्धाची रचना बदलली. लोकमत मोजायचे असेल तर याहून चांगले माप कोणते?

आता दुसरा आक्षेप. हे सारे उत्तरेतल्या पुढाऱ्यांचे, उलेमांचे आणि इंग्रजांच्या तारांचे झाले. मोगलाईतल्या खेड्यात याचे काय? ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ अशी म्हण आपण कौतुकाने सांगतो खरी, पण १९१६ मधल्या गंगाखेडच्या विणकराला किंवा सेलूच्या कापूस व्यापाऱ्याला जर्मनी काय आणि जेद्दा काय, दोन्ही सारखीच दूर, असे कोणी म्हणेल. जर्मनी दूर होती, जेद्दा नव्हती. विसावे शतक उजाडता उजाडता मनमाड-सिकंदराबाद मार्गाची मीटर गेज गाडी परभणीवरून धावू लागली. मनमाडला गाडी बदलून मुंबई आणि मुंबईच्या धक्क्यावरून जहाज, असा हाजचा रस्ता मराठवाड्याला खुला झाला. गावातून एक माणूस हाजला गेला की परतल्यावर तो आयुष्यभर ‘हाजी’ होऊन त्या प्रदेशाची खबर देणारा होत असे. शिवाय संस्थानची राजभाषा उर्दू. लाहोर, दिल्ली, कलकत्ता किंवा हैदराबादेत छापलेला मजकूर कचेरीतला कारकून, शाळेतला मौलवी आणि मुतवल्ली कोणाच्याही मदतीविना वाचू शकत होते. मराठी मुलखातले फार थोडे भाग उर्दू पत्रसृष्टीच्या इतके जवळ होते.

आणि दख्खनचे हितसंबंध त्या प्रदेशात नुसते भावनेने नव्हे, पैशानेही गुंतले होते. १९०० मध्ये सुलतान अब्दुल हमीदने दमास्कसहून मदिनेपर्यंत लोहमार्ग टाकण्याची घोषणा केली आणि त्यासाठी युरोपीय कर्ज न घेता जगभरच्या मुसलमानांकडून वर्गणी मागितली. हिंदुस्थानात या वर्गणीचे एक ठळक केंद्र हैदराबाद होते. मुल्ला अब्दुल कय्यूम हे तिथले विद्वान तिच्यामागे लागले होते. हेच मुल्ला काँग्रेसचे पुरस्कर्ते म्हणूनही ओळखले जातात. एकाच माणसाला ही दोन कामे परस्परविरोधी वाटली नाहीत हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. वर्गणीदारांना रकमेच्या प्रमाणात सुलतानाकडून निकेलचे, चांदीचे किंवा सोन्याचे पदक मिळत असे. १ सप्टेंबर १९०८ रोजी सुमारे तेराशे किलोमीटरचा हा मार्ग मदिनेला पोचला. उंटाच्या काफिल्याने चाळीसेक दिवस लागणारा प्रवास तीन-चार दिवसांवर आला. नऊ वर्षांनी लॉरेन्स आणि त्याचे बेदुइन साथीदार सुरुंग लावून उडवू लागले तो हाच लोहमार्ग. इंग्रजी वाचकाला त्या स्फोटांत शौर्य दिसते. ज्याच्या घरात ते पदक जपून ठेवले होते, त्याला आपल्या वर्गणीचे रूळ एका परक्या सत्तेच्या दारूगोळ्याने उखडले जाताना दिसत होते. त्याला संताप यायला सुलतानाच्या खलिफापदाबद्दलचा कोणताही सिद्धांत पाठ असण्याची गरज नव्हती.

साम्राज्याला या संतापावर उतारा हवा होता आणि तो धर्मातूनच हवा होता. त्याचे सर्वात स्पष्ट चित्र मिळते ते मौलाना हुसेन अहमद मदनी यांनी लिहून ठेवलेल्या हकिकतीत. देवबंदचे वयोवृद्ध गुरू मौलाना महमूद हसन सप्टेंबर १९१५ मध्ये मुंबईहून जहाजाने हिजाजला गेले होते. इंग्रजांविरुद्ध तुर्कांची मदत मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न चालू असतानाच शरीफचे बंड झाले आणि ते हिजाजमध्येच अडकले. १९१६ च्या अखेरीस खान बहादूर मुबारक अली औरंगाबादी नावाचे गृहस्थ मक्केत आले. (औरंगाबाद नावाची गावे उत्तरेतही आहेत, त्यामुळे केवळ नावावरून त्यांना मराठवाड्यात ओढायला नको.) हिंदुस्थानातल्या मुसलमानांची समजूत घालण्यासाठी मक्केच्या उलेमांच्या सह्यांचा एक फतवा त्यांना हवा होता: तुर्क धर्मभ्रष्ट आहेत, त्यांची खिलाफत खरी नाही, शरीफचे बंड योग्य आहे. तो मसुदा महमूद हसन यांच्यापुढेही सहीला आला. त्यांनी नकार दिला. त्यांचा एक मुद्दा कोरडा, जवळजवळ कारकुनी होता: कागद मक्केच्या हरममध्ये शिकवणाऱ्या उलेमांच्या नावे आहे, मी हिंदी आहे, माझी सही त्यावर कशी चालेल? दुसरा मुद्दा असा की एका संपूर्ण समाजाला काफिर ठरवणे शरियतला मान्य नाही. थोड्याच दिवसांत शरीफच्या माणसांनी त्यांना पकडले आणि इंग्रजांच्या हवाली केले. मदनी आणि आणखी तीन सहकाऱ्यांसह ते माल्टा बेटावर तीन वर्षे कैदेत राहिले, आणि जून १९२० मध्ये मुंबईला उतरले. या प्रसंगात आपल्या प्रश्नाचे उत्तर जवळून पाहायला मिळते. मक्केतले बंड जर निव्वळ अरबांचे घरचे प्रकरण असते, तर त्याच्या समर्थनाचा कागद हिंदुस्थानला पाठवण्याची घाई कोणाला असती? आणि त्यावर सही न करणाऱ्या हिंदी म्हाताऱ्याला धरून इंग्रजांच्या तुरुंगात टाकण्याचे कारण शरीफला काय होते?

इथवर हिंदी मुस्लिम मताची बाजू बळकट दिसते. पण न्याय करायचा तर त्या मताची आंधळी जागाही दाखवली पाहिजे. अरबांच्या तक्रारी बनावट नव्हत्या. १९०८ नंतर इस्तंबूलमध्ये सत्तेवर आलेल्या तरुण तुर्कांनी केंद्रीकरणाचा वरवंटा फिरवला, आणि अरब प्रांतांत त्याला विरोध वाढत गेला. युद्धकाळात सीरियाचा कारभार जमाल पाशाच्या हाती होता. ६ मे १९१६ रोजी, म्हणजे बंडाच्या महिनाभर आधी, त्याने बैरूत आणि दमास्कसमध्ये अरब पुढाऱ्यांना, पत्रकारांना चौकात फाशी दिली. लेबनॉनमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. शरीफने आपल्या जाहीरनाम्यात तरुण तुर्कांवर धर्मबुडवेपणाचे आरोप केले, आणि मक्केच्या लढाईत तुर्कांच्या तोफेचा गोळा काबाजवळ पडून त्यावरचे आच्छादन जळाले ही गोष्टही नोंदवली. ज्या लोहमार्गाचा दख्खनला अभिमान होता तोच हिजाजच्या बेदुइनांना पोटावर पाय वाटत होता, कारण काफिल्यांना उंट भाड्याने देण्यावर त्यांचे घर चालत असे. यांतले जवळजवळ काहीही हिंदुस्थानातल्या ठरावांत आणि लेखांत नीट उतरले नाही. हिंदी मुसलमानाच्या नजरेत तुर्क म्हणजे इस्लामची उरलेली शेवटची मोठी सत्ता, आणि अरब म्हणजे त्या सत्तेचे सेवक किंवा द्रोही. अरबांना स्वतःचे राजकारण असू शकते ही कल्पना त्यांना अवघड गेली. पराधीन देशातल्या माणसाने परक्या साम्राज्याचा हात बरोबर ओळखावा आणि जवळच्या साम्राज्याखाली दुसरा कोणी भरडला जातो आहे हे न ओळखावे, ही विसंगती त्या मतात होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

मग प्रश्न उरतो: निदान योग्य होते की पूर्वग्रह योगायोगाने खरा ठरला? उत्तर पुढच्या चार वर्षांनी दिले. इजिप्तमधला इंग्रज उच्चायुक्त मॅकमोहन आणि शरीफ यांच्या पत्रव्यवहारात अरब स्वातंत्र्याची वचने दिली जात होती, तेव्हाच इंग्रज मुत्सद्दी साइक्स आणि फ्रेंच मुत्सद्दी पिको यांनी मे १९१६ पर्यंत त्याच प्रदेशाची इंग्लंड-फ्रान्समध्ये वाटणी आखली होती. नोव्हेंबर १९१७ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देऊ करणारा बाल्फोर जाहीरनामा निघाला, आणि त्याच महिन्यात रशियातल्या नव्या बोल्शेविक सरकारने वाटणीचा गुप्त करार उघड केला. १९२० च्या एप्रिलमध्ये इटलीतल्या सान रेमोच्या परिषदेत ती वाटणी पक्की झाली. जुलैत फ्रेंचांनी शरीफचा मुलगा फैसल याला दमास्कसमधून हुसकावले, आणि त्याच उन्हाळ्यात इराकमध्ये पेटलेला उठाव इंग्रजांनी मुख्यतः हिंदी फौजेच्या बळावर चिरडला. ज्यांनी १९१६ मध्ये म्हटले होते की हे स्वातंत्र्याचे युद्ध नसून ताबा बदलण्याचे युद्ध आहे, त्यांना अरबांचे मन कळले नव्हते, पण इंग्रजांचे कळले होते. त्याला कारणही होते: तैनाती फौज, तह, सनद, पट्टा, पदवी या मार्गाने राज्य कसे जाते याचा दीडशे वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. हैदराबादच्या माणसाला तर तो वऱ्हाडाच्या रूपाने रोज शेजारी दिसत होता.

तिसरा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात सर्वात आधी येतो, आणि तो सर्वात गंभीर आहे. खलिफासाठी तळमळणे म्हणजे देशाबाहेर निष्ठा ठेवणे. यातूनच पुढचे फुटीर राजकारण जन्मले. डॉ. आंबेडकरांपासून हमीद दलवाईंपर्यंत अनेकांनी खिलाफतीच्या राजकारणाची कठोर चिकित्सा केली आहे, आणि धर्मसत्तेभोवती लोकांना गोळा करण्यातला धोका त्यांनी दाखवला तो खराच होता. तुर्कांनी स्वतः ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत बरखास्त केली, तेव्हा खिलाफत चळवळीच्या पायाखालची जमीनच गेली. पण शरीफच्या बंडाच्या बाबतीत ‘देशाबाहेरचा प्रश्न’ हे वर्णन लागू पडत नाही. जेद्दावर तोफा डागणारी ‘हार्डिंज’ हिंदी करदात्याच्या पैशाची होती. इराकमधल्या कूतच्या वेढ्यात उपाशी राहून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेलेल्या सैन्यात बहुसंख्य हिंदी शिपाई होते. सुएझ, पॅलेस्टाइन आणि इराक या तिन्ही आघाड्या हिंदुस्थानच्या माणसांवर चालल्या. आपल्या पैशाने, आपल्या रक्ताने, आपल्याला न विचारता केलेल्या कृत्याला हरकत घेणे यात परनिष्ठा कुठे आली? हे त्या काळच्या मराठी नेतृत्वालाही उमगत होते. एप्रिल १९२० मध्ये टिळकांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला, त्यात खिलाफतीचा प्रश्न मुसलमानांच्या धर्मसमजुतीप्रमाणे सोडवावा या मागणीला पाठिंबा होता. आणि त्याच वर्षी हैदराबाद शहरात खिलाफतीच्या सभा भरल्या त्या विवेकवर्धिनीच्या आवारात. ही शाळा मराठी मंडळींनी काढलेली. तिच्या संस्थापकांतले केशवराव कोरटकर मूळचे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातल्या पुरजळचे. राजनिष्ठेचे फर्मान काढणाऱ्या निजामाच्या राजधानीत, त्याच्या मुसलमान प्रजेला इंग्रजांविरुद्ध बोलायला जागा मिळाली ती मराठी शाळेच्या अंगणात. निजामाने लवकरच अशा सभांवर बंदी घातली.

मुसलमान शिपायांचे मत दाखवण्यासाठी पॅलेस्टाइनमधल्या हैफाच्या लढाईचे उदाहरण अनेकदा पुढे केले जाते. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि मैसूरच्या भालेस्वारांनी हैफा जिंकले. त्याच ब्रिगेडमधले हैदराबादचे लान्सर्स मुख्य चढाईत नव्हते, आणि मुसलमान म्हणून त्यांना तुर्कांसमोर मुद्दाम नेले नाही असे सांगितले जाते. या गोष्टीवर फार भार टाकू नये. हेच पथक १९१५ पासून सुएझवर आणि नंतर पॅलेस्टाइनमध्ये तुर्कांसमोरच होते, आणि दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातला एक पुतळा त्यांचाही आहे. शिपायाने हुकूम पाळला यावरून त्याचे मत सिद्ध होत नाही, आणि त्याला मागे ठेवले यावरूनही नाही. मत शोधायचे ते पगाराच्या आणि शिक्षेच्या कक्षेबाहेर.

निजाम आणि शरीफ यांची गणिते मात्र शेजारी मांडून पाहण्यासारखी आहेत. दोघेही मुसलमान सत्ताधीश, दोघांनीही इंग्रजांना धर्माची ढाल पुरवली, दोघांनाही मोठ्या मोबदल्याची आशा होती. निजामाला १९१८ मध्ये ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ ही पदवी मिळाली आणि ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र’ हे बिरुद. या मैत्रीच्या भरवशावर त्याने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितले. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगचे उत्तर आले: हिंदुस्थानात ब्रिटिश सार्वभौमत्व सर्वोपरी आहे, आणि कोणताही संस्थानिक बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही. शरीफ अरब देशांचा राजा म्हणवू लागला, इंग्रजांनी त्याला फक्त हिजाजचा राजा मानले. १९२४ मध्ये इब्न सौद चालून आला तेव्हा त्याचे जुने मित्र तटस्थ राहिले आणि तो गादी सोडून निघून गेला. त्यानंतर हाच निजाम पदच्युत खलिफा अब्दुल मजीदला महिना तीनशे पौंड पाठवू लागला आणि १९३१ मध्ये त्याच्या मुलीला सून करून घेतली. दहा वर्षांपूर्वी प्रजेने ज्या घराण्यासाठी हळहळणे गुन्हा होता, त्याच घराण्याशी सोयरीक आता राजाची शोभा झाली. तत्त्व बदलले नव्हते. खलिफाकडे सत्ता उरली नव्हती, म्हणून तो निरुपद्रवी झाला होता.

मराठवाड्याच्या मुस्लिम राजकारणाची कथा आपण सहसा १९२७ मधल्या इत्तेहादुल मुसलमीनच्या स्थापनेपासून सांगू लागतो आणि रझाकारांपाशी संपवतो. या कथेत मुसलमान प्रजा आणि निजाम यांचे मत पहिल्यापासून एकच होते असे गृहीत धरलेले असते. १९१४ ते १९२० ची वर्षे हे गृहीत मोडून काढतात. त्या काळात राजा एका बाजूला होता आणि त्याच्या मुसलमान प्रजेतला जागता भाग दुसऱ्या. आणि त्या दुसऱ्या बाजूला मराठी, तेलुगू, कानडी बोलणारे हिंदू कार्यकर्तेही येऊ शकत होते. त्या मताला दोष होते, अरबांच्या दुःखाबद्दल ते बहिरे होते, धर्मपदाभोवती ते गरजेपेक्षा जास्त गुंतले होते. पण ते साम्राज्याला प्रश्न विचारणारे मत होते आणि सामायिक अंगणात उभे होते. सभाबंदीने ते अंगण बंद झाले. पुढे दरबाराच्या सावलीत जे वाढले ते दरबाराचेच राजकारण होते. परभणीपासून हैदराबादपर्यंतच्या या प्रदेशात मुसलमान समाज निजामाच्या मागे का गेला हे विचारायचे असेल, तर आधी विचारावे लागेल की निजामापासून वेगळे बोलण्याची त्याची पहिली जागा कोणी आणि कोणासाठी काढून घेतली.